हुकमाचे काळे एक्के : बेसबॉलमधल्या वीस विजयांची गोष्ट

जुलै २०२५च्या शेवटच्या रविवारी न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावात सी. सी. सबाथिया नावाच्या धिप्पाड माणसाचा सत्कार झाला. अमेरिकन बेसबॉलचं 'हॉल ऑफ फेम' तिथे आहे. निवृत्त खेळाडूची तिथे निवड होणं म्हणजे त्या खेळातला सर्वोच्च मान. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने मला बातमी पाठवली आणि खाली विचारलं, "मामा, ह्याला 'ब्लॅक एस' का म्हणतायत? आणि असे लोक आता संपत चाललेत, असं सगळे का बोलतायत?" मी फोनवर उत्तर लिहायला घेतलं, ते आवरेना. म्हणून हा लेख.

'एस' म्हणजे पत्त्यांतला एक्का. संघातला सर्वांत भरवशाचा पिचर तो त्या संघाचा एस, आपण 'हुकमाचा एक्का' म्हणतो तसा. अमेरिकेतल्या सर्वोच्च स्तराच्या बेसबॉलमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये, एका हंगामात निदान वीस सामने जिंकून देणारे कृष्णवर्णीय पिचर हे 'ब्लॅक एसेस'. हे नाव रूढ केलं जिम 'मडकॅट' ग्रँट यांनी, आणि ते स्वतःही त्यांतलेच. पहिला एक्का १९५१ साली निघाला, शेवटचा २०१२ साली. एकूण किती? पंधरा.

एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या वर्षांत पंधराच का, हे समजायचं तर आधी पिचर कोण आणि विजय म्हणजे काय, ते पाहावं लागेल.

पिचर : बोलरचा भाऊ, पण सख्खा नव्हे

क्रिकेट बघणाऱ्याला पिचर म्हणजे बोलर, एवढं सांगून भागत नाही. बोलर सहा चेंडू टाकतो आणि फाइन लेगला जाऊन उभा राहतो. दुसऱ्या टोकाकडून दुसरा येतो. पिचरला हा विसावा नाही. मैदानाच्या मधोमध दहा इंच उंच मातीचा उंचवटा असतो, त्यावर तो एकटा. समोर सुमारे साडेअठरा मीटरवर बॅटर. चेंडूला टप्पा नाही, तो हवेतूनच जायचा, त्यामुळे सगळी करामत वेगात, बोटांत आणि मनगटात. तो थकेपर्यंत किंवा मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक, त्याला बाहेर बोलवेपर्यंत संघाचा प्रत्येक चेंडू त्याच्याच हातून सुटतो.

त्याने चेंडू टाकल्याशिवाय मैदानावर काहीच घडत नाही. कोणत्या बॅटरला कुठे, किती वेगाने, आधी काय आणि मग काय टाकायचं, हे तो आणि कॅचर (बॅटरमागे बसणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) खुणांनी ठरवतात. म्हणून पिचरची जागा ही नुसती ताकदीची नव्हे, डोक्याची जागा मानली गेली. पुढची सगळी गोष्ट या एका समजुतीभोवती फिरते.

विजय कोणाच्या खात्यात जमा होतो

सामना संघ जिंकतो, पण बेसबॉलची वही तो विजय एका पिचरच्या नावावर लिहिते. लग्नकार्य नीट पार पडलं की श्रेय यजमानाला जातं, आचारी, वाढपी आणि मांडववाले बाजूलाच राहतात, तसाच प्रकार. सुरुवात करणाऱ्या पिचरने नऊपैकी किमान पाच इनिंग (इथे इनिंग म्हणजे तीन गडी बाद झाले की संपणारी छोटी पाळी) टाकल्या पाहिजेत, तो बाहेर जाताना संघ पुढे असला पाहिजे आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली पाहिजे. तरच विजय त्याच्या खात्यात.

आता गणित मांडा. आज हंगामात १६२ सामने असतात आणि एकेका मुख्य पिचरला साधारण बत्तीस-तेहतीस सामने सुरू करायला मिळतात. त्यांतून वीस विजय काढायचे. काही सामने हरणार, काहींत तो छान टाकूनही संघ धावा करणार नाही, काहींत मागून आलेला पिचर आघाडी घालवणार. म्हणून वीस हा आकडा मोठा. २०२४च्या हंगामात तर अख्ख्या मेजर लीगमध्ये कोणत्याही रंगाच्या एकाही पिचरला तो गाठता आला नाही.

दार उघडलं, पण उंबऱ्यावर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७पर्यंत मेजर लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम नव्हता, मालकांचं आपसातलं संगनमत होतं. त्यामुळे काळ्या खेळाडूंनी आपल्या वेगळ्या लीग चालवल्या. त्या काळच्या भाषेत 'निग्रो लीग'. १५ एप्रिल १९४७ला ब्रुकलिन डॉजर्स संघाने जॅकी रॉबिन्सनला मैदानात उतरवलं आणि ही भिंत फुटली. ही गोष्ट जगाला माहीत आहे. पण रॉबिन्सन पिचर नव्हता.

पिचर आला त्याच वर्षी २६ ऑगस्टला. डॅन बँकहेड, त्याच संघाचा. पहिल्याच फटक्याची संधी मिळाली तर पठ्ठ्याने होमरन, म्हणजे षटकारासारखा फटका, मारला. पण ज्या कामासाठी आणला होता ते साधलं नाही. जेमतेम तीन इनिंग टिकला आणि दहा हिट, म्हणजे बॅटरचे यशस्वी फटके, दिले. निग्रो लीगमधले बक ओनील पुढे सांगत की बँकहेडच्या मनात भीती होती : आपला चेंडू चुकून गोऱ्या बॅटरला लागला तर दंगल होईल. या भीतीची किंमत समजून घ्या. बॅटरला मागे रेटण्यासाठी अंगाजवळ चेंडू टाकणं हे पिचरचं रोजचं हत्यार आहे. फास्ट बोलरला सांगितलं की बाउन्सर टाकायचा नाही, आणि कारण विचारायचं नाही, तर तो काय बोलिंग करेल? बँकहेड दक्षिणेतल्या अलाबामात वाढलेला होता. त्याला हे कोणी सांगावं लागत नव्हतं.

पुढच्या वर्षी सॅचेल पेज आला. निग्रो लीगमधला दंतकथा झालेला पिचर, वय बेचाळीस. ज्या वयात लोक प्रशिक्षक होतात त्या वयात याने मेजर लीगमध्ये पदार्पण केलं आणि क्लीव्हलँडसाठी सहा सामने जिंकले, एक हरला. हे आकडे वाचून मला दर वेळी कौतुकापेक्षा संतापच जास्त येतो. पंचविशीत याने काय केलं असतं?

पहिला एक्का मात्र डॉन न्यूकम. न्यू जर्सीच्या मॅडिसनचा, उंच, दांडगा. १९४९मध्ये तो सर्वोत्तम नवोदित ठरला. १९५१मध्ये वीस सामने जिंकले. मेजर लीगमध्ये हा आकडा गाठणारा पहिला कृष्णवर्णीय पिचर. मग कोरियाच्या युद्धामुळे दोन हंगाम सैन्यात गेले. परतल्यावर १९५५मध्ये पुन्हा वीस विजय आणि १९५६मध्ये सत्तावीस. त्याच वर्षी सर्वोत्तम पिचरसाठीचा 'साय यंग' पुरस्कार सुरू झाला, आणि त्यावर पहिलं नाव कोरलं गेलं ते न्यूकमचं.

न्यूकम सांगत असलेला एक किस्सा आहे. सेंट लुइस शहरात गोरे सहकारी एका आलिशान हॉटेलात उतरत आणि काळे खेळाडू गावाच्या दुसऱ्या भागात. सैन्यातून परतल्यावर, १९५४मध्ये, तो आणि रॉबिन्सन थेट त्या हॉटेलच्या मॅनेजरसमोर जाऊन उभे राहिले : आम्हाला इथे का ठेवत नाही? उत्तर मिळालं, तुम्ही पोहण्याच्या तलावात उतराल म्हणून. रॉबिन्सन म्हणाला, मला तर पोहताही येत नाही. त्या दिवसापासून त्यांना खोल्या मिळाल्या. देशासाठी गणवेश घालून आलेला माणूस, संघाचा एक्का, आणि अडचण काय, तर पाणी.

"पिचर किती आहेत, सांगा"

काळे खेळाडू आले, वाढले, १९८१च्या सुमारास तर मेजर लीगमध्ये जवळपास १९ टक्के झाले. पण ते मैदानावर सारखे पसरले नाहीत. १९७०मध्ये जॉन लॉय आणि जोसेफ मॅकेल्व्होग या दोन अभ्यासकांनी दाखवून दिलं की काळे खेळाडू आउटफील्डमध्ये, म्हणजे सीमेकडच्या जागांवर, दाटलेले आहेत आणि मधल्या, निर्णयाच्या जागांवर विरळ. समाजशास्त्रात याला 'स्टॅकिंग' म्हणतात. म्हणजे ठरावीक लोकांना ठरावीक फडताळात रचून ठेवणं. शाळेत उत्तम चेंडू टाकणारा काळा मुलगा दिसला की प्रशिक्षक म्हणे, तू पळतोस छान, जा, सेंटर फील्डला उभा राहा. कोणी दार लावून घेतलं नाही, फक्त दुसरीकडे बोट दाखवलं.

ही समजूत किती खोल होती ते ६ एप्रिल १९८७च्या रात्री टीव्हीवर सगळ्या देशाने पाहिलं. रॉबिन्सनच्या पदार्पणाला चाळीस वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता. पाहुणे होते डॉजर्सचे जनरल मॅनेजर अल कॅम्पॅनिस, रॉबिन्सनबरोबर एकेकाळी खेळलेले, त्याला मित्र मानणारे. काळे मॅनेजर का दिसत नाहीत, असं विचारल्यावर ते म्हणाले की त्यांच्याकडे त्यासाठी आवश्यक काही गोष्टी नसतील. मुलाखतकाराने धरून ठेवलं तर उलट त्यांनीच विचारलं : काळे पिचर किती आहेत, सांगा बरं? दोन दिवसांत त्यांची नोकरी गेली.

विचारणारे होते डॉजर्सचे. न्यूकमच्या संघाचे. सोळा वर्षांपूर्वी याच संघासाठी वीस सामने जिंकणारा अल डाउनिंगही काळाच होता. आणि त्याच वर्षी, १९८७मध्ये, डॉजर्सच्याच मुशीतून निघून ओकलंडला गेलेला डेव्ह स्टुअर्ट वीस विजयांची मालिका सुरू करत होता. १९९०पर्यंत सलग चार हंगाम, दर वेळी वीस किंवा अधिक. एवढं नेमकं उत्तर फार कमी प्रश्नांना मिळतं.

इथे दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांची आठवण न येणं मराठी माणसाला अवघड आहे. पुण्याच्या साहेबांच्या जिमखान्यात त्यांना तासन्‌तास बोलिंग करायला लावत, बॅट मात्र हाती देत नसत. चहा पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले, तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आलं नाही. ते १९२३मध्ये भाऊ विठ्ठल यांना मिळालं. गंमत अशी की आपल्याकडे बोलिंग ही राबण्याची गोष्ट म्हणून 'त्यांना' दिली आणि फलंदाजी आपल्याकडे ठेवली. तिकडे चेंडू टाकणं डोक्याचं काम म्हणून आपल्याकडे ठेवलं आणि पळापळ 'त्यांना' दिली. काम कोणतंही असो, मानाचं ठरलं की ते कोणाचं हेही ठरतं.

एक्क्यांचे दिवस

साठ आणि सत्तरचं दशक हा या यादीचा बहर. सेंट लुइसचा बॉब गिब्सन पाच हंगामांत वीसपार गेला. १९६८मध्ये त्याने ३४ सामने सुरू केले आणि त्यांतले २८ स्वतःच संपवले. दर नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी होती १.१२. तीनच्या आत असली तरी लोक खूश होतात, यावरून काय ते समजा. त्या वर्षी सगळेच पिचर इतके वरचढ ठरले की पुढच्या हंगामापासून त्यांच्या पायाखालचा उंचवटा पंधरा इंचांवरून दहावर आणला. आणि गिब्सन अंगाजवळ चेंडू टाकायला अजिबात कचरत नसे. बँकहेडपासून वीस वर्षांत एवढा रस्ता कापला गेला.

१९६५मध्ये मडकॅट ग्रँट अमेरिकन लीगमधला पहिला काळा वीस-विजयी पिचर ठरला. (मेजर लीगच्या दोन शाखा आहेत, नॅशनल आणि अमेरिकन. न्यूकम नॅशनलमधला.) मग १९७१. त्या वर्षी व्हिडा ब्लू या जेमतेम बावीस वर्षांच्या पोराने २४ सामने जिंकले, फर्ग्युसन जेंकिन्सनेही २४, डाउनिंगने २०. दोन्ही शाखांचे साय यंग पुरस्कार काळ्या पिचरांना. जुलैच्या ऑल-स्टार सामन्यात, म्हणजे दोन्ही शाखांच्या निवडक खेळाडूंच्या लढतीत, दोन्ही बाजूंनी सुरुवात काळ्या पिचरांनी केली, असं प्रथमच झालं : एकीकडे ब्लू, दुसरीकडे पिट्सबर्गचा डॉक एलिस. दोन काळ्यांना समोरासमोर उभं करणारच नाहीत, असं एलिस आधी उघड बोलला होता. त्यावर गदारोळ झाला, आणि त्याला जॅकी रॉबिन्सनचं पाठीवर हात ठेवणारं पत्र आलं. एलिसने तो हंगाम १९ विजयांवर संपवला. एकाने हुकला. यादीत नाही.

आणि ह्यूस्टनचा जे. आर. रिचर्ड. सहा फूट आठ इंच. १९७६मध्ये वीस विजय, पुढे लागोपाठ दोन हंगामांत तीनशेहून जास्त स्ट्राइकआउट, म्हणजे निव्वळ आपल्या चेंडूंवर बाद केलेले बॅटर. १९८०मध्ये तो म्हणू लागला, हात जड पडतोय, बधिर होतोय. वर्तमानपत्रांत कुजबुज सुरू झाली : आळशी आहे, कांगावा करतोय. ३० जुलैला सराव करताना तो मैदानावरच कोसळला. पक्षाघात. वय तीस. पुन्हा मेजर लीगमध्ये त्याने चेंडू टाकला नाही, आणि एक काळ असा आला की ह्यूस्टनमध्ये पुलाखाली त्याला राहावं लागलं. गोऱ्या पिचरवरही असे आरोप झाले असते का? सिद्ध करता येणार नाही. पण 'आळशी' हा शब्द कोणाला पटकन चिकटतो, हे आपल्याला सांगायला नको.

पण मारिशाल आणि पेद्रो कुठे गेले?

बेसबॉल जाणणारा इथे अडवेल. हुआन मारिशालने सहा वेळा वीसपार मजल मारली, पेद्रो मार्टिनेझनेही दोनदा. दोघेही काळे. मग यादीत का नाहीत? कारण ते डॉमिनिकन प्रजासत्ताकाचे. ही यादी त्वचेचा रंग मोजत नाही, अमेरिकेतल्या काळ्या समाजाचा अनुभव मोजते. शाळेचं मैदान, स्थानिक प्रशिक्षक, वेगळी हॉटेलं, सगळं धरून. लॅटिन अमेरिकेतल्या मुलाचे हाल वेगळे, त्याची वाटही वेगळी. ग्रँट यांनी कॅनडाच्या जेंकिन्सला मात्र आत घेतलं. रेघ थोडी वाकडी आहे, हे मान्य करायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप निग्रो लीगचा. २०२४मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातल्या निग्रो लीगची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत मिसळली. मग 'पहिला' न्यूकम कसा? तो पहिला होता सर्वांसाठी खुल्या झालेल्या लीगमधला. एवढं विशेषण जोडलं की वाद मिटतो.

विजय हा तर फुसका आकडा!

हा आक्षेप खरा जड आहे, आणि आकडेमोड करणारे जाणकार तो घेणारच. २०१०मध्ये सबाथियाने २१ सामने जिंकले, पण त्याच्या शाखेचा साय यंग पुरस्कार मिळाला फेलिक्स हर्नांडेझला, ज्याचे विजय होते फक्त १३. २०१८मध्ये जेकब डिग्रॉमने दहाच विजयांवर तो पुरस्कार नेला. कारण विजय निम्मा संघाच्या फलंदाजीवर ठरतो. पिचरचं कसब मोजायला यापेक्षा चांगले मापदंड आहेत, आणि ते बरोबर आहे.

मला मात्र वाटतं, ही यादी कसबाची नाहीच. वीस विजय मिळवायचे तर मॅनेजरने दर पाचव्या दिवशी चेंडू तुमच्याच हाती द्यावा लागतो. दोन धावा गेल्या म्हणून लगेच बाहेर काढायचं नाही, एक महिना वाईट गेला म्हणून बाकावर बसवायचं नाही. म्हणजे हा आकडा विश्वास मोजतो. पिचर किती चांगला, हे वीस विजयांवरून नीट कळत नाही. त्याला किती वेळ उभं राहू दिलं, हे मात्र चांगलं कळतं. ज्या जागेसाठी विश्वासच नाकारला जात होता, तिथे मोजायचा तो विश्वासच.

मग आता का आटले?

सबाथिया कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोचा. लहानपणी आजीच्या परसातली ग्रेपफ्रूटं, म्हणजे आपल्या पपनसाची भावंडं, खुर्चीवर नेम धरून फेकायचा. पुढे २५१ विजय, ३,०९३ स्ट्राइकआउट. तीन हजारांचा टप्पा त्याच्याआधी या यादीतल्या गिब्सन आणि जेंकिन्स या दोघांनीच ओलांडला होता. पण आज फळं फेकून भागत नाही. चांगल्या प्रशिक्षकांसमोर यायचं तर गावोगाव फिरणाऱ्या खासगी संघात भरती व्हावं लागतं. तिथे फी, प्रवास, हॉटेल, वेग वाढवणारे खासगी वर्ग, सगळा खर्च पालकांचा. आपल्याकडच्या कोचिंग क्लासचीच ही मैदानी आवृत्ती. कॉलेजात बेसबॉलची शिष्यवृत्ती अनेक वर्षं तुकड्यांत वाटली जायची, फुटबॉल-बास्केटबॉलमध्ये मात्र ती पूर्ण मिळायची. गरीब घरातला ताकदवान मुलगा कुठे जाईल? "त्यांना आता आवडच नाही," असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा.

परिणाम असा की २०२४च्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू होते ६ टक्के. २०२२च्या अंतिम मालिकेत तर दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. असं १९५०नंतर प्रथमच घडलं. शेवटचा एक्का डेव्हिड प्राइस, २०१२, टॅम्पा बे, बरोबर वीस.

प्रयत्न चालू आहेत. मेजर लीगने २००६मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमध्ये मुलांसाठी फुकट अकादमी काढली. तिथून हंटर ग्रीन आला, सिनसिनाटीचा, ताशी १६० किलोमीटरहून वेगाने टाकणारा. भाचीने पुढचा प्रश्न त्याच्याबद्दलच विचारला : "मग सोळावा हा का?" होऊ शकतो. पण आता मॅनेजर कुठल्याच पिचरला फार वेळ ठेवत नाहीत. पाच-सहा इनिंग झाल्या की ताज्या दमाचा माणूस आत. २०२४ हा ग्रीनचा उत्तम हंगाम, २६ सामने सुरू केले, सरासरी २.७५, ऑल-स्टार संघात निवड. विजय नऊ.